अन्नतंत्रज्ञांच्या संघटनेचं काम: नोकरीची चौथी-पाचवी वर्षं चालू असताना हो म्हणावं का?

रानमेवा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते.

मी परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयातून बी.टेक. केलं. गेली चार वर्षं पुण्याजवळच्या एका फळप्रक्रिया कारखान्यात क्यूएला (गुणवत्ता हमी विभागात) आहे. एप्रिल ते जून आंब्याचा पल्प, बाकी वर्षभर पेरू, सीताफळ, टोमॅटो. काम मनापासून आवडतं. पण बॅचमेट सोडले तर कारखान्याबाहेरचा एकही अन्नतंत्रज्ञ मी ओळखत नाही. रिटॉर्ट (डबाबंद अन्न दाबाखाली उष्णतेने निर्जंतुक करायचं यंत्र) कसा चालतो ते पुस्तकात वाचलंय, चालताना पाहिलेला नाही. दूध, मांस, बेकरी या सगळ्या गोष्टी परीक्षेपुरत्याच राहिल्या.

गेल्या महिन्यात आमच्या एका सरांचा फोन आला. आपल्या व्यवसायातल्या एका संघटनेच्या स्थानिक शाखेत ते कार्यकारिणीवर आहेत. म्हणाले, "विद्यार्थ्यांचं काम बघशील का? दोन वर्षांची मुदत आहे." महिन्यातून एक बैठक, वर्षाकाठी एक-दोन सेमिनार, ७ जूनला जागतिक अन्नसुरक्षा दिन, १६ ऑक्टोबरला जागतिक अन्नदिन. मानधन नाही, प्रवासखर्च आपला आपण.

अडचणी अशा. मला आठवड्याला एकच सुट्टी, ती रविवारी, आणि हंगामात तीही मिळेलच असं नाही. दुसरं म्हणजे आमच्या साहेबांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "त्यापेक्षा सिक्स सिग्मा हा दर्जा-व्यवस्थापनाचा कोर्स कर, पगारात दिसेल." आणि तिसरं, मी काही शोधनिबंध लिहिलेले नाहीत. तिथल्या मोठ्या लोकांमध्ये मी बोलणार काय?

ज्यांनी असं काम केलंय किंवा करून सोडलंय, त्यांनी लिहा. सोडलेल्यांनी तर नक्की लिहा.

---

ब्रिक्स_६८

रानमेवा, मी या धंद्यात तीस वर्षं आहे. आधी मुरंबा-जॅम, मग सरबतं, आता सल्लागार. तुमचा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण मलाही तोच पडला होता.

आपली एक जुनी संघटना म्हणजे असोसिएशन ऑफ फूड सायंटिस्ट्स अँड टेक्नॉलॉजिस्ट्स (इंडिया), आपण एएफएसटीआय म्हणतो ती. स्थापना १९५७ ची. मुख्य कचेरी म्हैसूरला, सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेच्या आवारात. सीएफटीआरआय १९५० ची, म्हणजे संस्था उभी राहिली आणि सात वर्षांत तिथल्या आणि बाहेरच्या लोकांना वाटलं की प्रयोगशाळा आणि कारखाना यांना एकत्र बसायला जागा हवी. त्यांचं शोधपत्रक १९६४ पासून निघतं, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की ही प्राध्यापकांची संघटना आहे. तसं नाही. शाखेच्या बैठकीला जाऊन बसा. चार प्राध्यापक असतील तर तेवढेच क्यूए-उत्पादनातले, एखादा मसाल्याचा व्यापारी, एखादा यंत्रं विकणारा, एखादे निवृत्त अन्न निरीक्षक.

मी पहिल्यांदा स्वयंसेवक झालो तो परिषदेच्या नोंदणीच्या टेबलावर. दोन दिवस बिल्ले वाटले. तिसऱ्या दिवशी एका सत्रात प्रोजेक्टर बघायला कोणी नव्हतं म्हणून आत पाठवलं. विषय होता पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट धरणारा फळातला पदार्थ. वक्ते सांगत होते की लो-मेथॉक्सिल पेक्टिनला जेल धरायला साखर लागत नाही, कॅल्शियम लागतं. आमच्या कारखान्यात कमी साखरेच्या जॅमचे सहा महिने हाल चालले होते. आम्ही नेहमीचंच हाय-मेथॉक्सिल पेक्टिन वापरत होतो आणि त्याला ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं प्रमाण) पुरत नव्हता, म्हणून जॅम पातळ राहत होता. हे पुस्तकात असतं, मी वाचलंही असेन. पण सत्र संपल्यावर प्रोजेक्टरची वायर गुंडाळताना मी त्यांना विचारलं आणि त्यांनी उभ्या उभ्या कागदावर कॅल्शियमचं गणित करून दिलं. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

बिल्ले वाटून झाल्यावर घरी गेलो असतो तर त्या सत्रात बसलोच नसतो. म्हणून सांगतो, हो म्हणा, पण काम निवडून घ्या. सत्राचं काम मागा, पोस्टरच्या परीक्षणात मदत मागा, वक्त्यांना स्टेशनवरून आणायचं काम आलं तर तेही घ्या. गाडीत दीड तास एखाद्या जाणत्या माणसाबरोबर मिळतो. एकटं हारतुऱ्यांचं आणि जेवणाचं काम गळ्यात पडू देऊ नका.

---

गवतीचहा

+१. मी विद्यार्थी असताना ज्यांनी आमची कारखानाभेट ठरवली होती, त्या ताईंचं नाव आजही आठवतं. मुलांसाठी कराच.

---

चुलीवरची

मी सोडलेली आहे, म्हणून लिहिते.

तीन वर्षं एका संघटनेच्या शाखेत होते. नाव घेत नाही, ती माणसं वाईट नव्हती. पण पहिल्या दिवसापासून मला 'अक्षर छान आहे' म्हणून प्रमाणपत्रं लिहायला बसवलं. मग सूत्रसंचालन, मग पाहुण्यांना पुष्पगुच्छ. माझ्याबरोबर आलेल्या मुलाला त्याच वर्षी तांत्रिक समितीत घेतलं. आम्ही दोघं एकाच वर्गातले, माझे गुण जास्त. दुसऱ्या वर्षी एका कार्यशाळेचा सगळा अभ्यासक्रम मी बसवला, तेलाच्या खवटपणावरचा. पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल किती खवट होऊ लागलंय त्याचा आकडा) कशी काढायची, तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरल्यावर टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे पदार्थ, कसे वाढतात, त्यांना २५ टक्क्यांची मर्यादा कशासाठी, सगळं. छापील पत्रिकेत माझं नाव 'सहकार्य' या मथळ्याखाली आलं.

मी भांडले नाही. शांतपणे सोडलं. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

रानमेवा, तू हो म्हण किंवा नको म्हण, पण होकार देण्याआधी सरांकडून एक ईमेल घे. काम काय, मुदत किती, निर्णय कोणाचा, आणि कार्यक्रमपत्रिकेत नाव कुठे. हे मागताना संकोच करू नकोस. फुकट काम करणाऱ्याला या चार गोष्टी विचारायचा पूर्ण हक्क आहे.

---

ब्रिक्स_६८

@चुलीवरची, वाचून वाईट वाटलं. कार्यकारिणीत असताना आमच्याकडूनही असं झालेलं आहे. मुलींना सूत्रसंचालन द्यायचं, हे आम्ही विचारही न करता करायचो. तुमचा ईमेलचा सल्ला माझ्या सल्ल्यापेक्षा चांगला आहे.

---

आगळ

मी अन्नतंत्रज्ञ नाही. आमचा सिंधुदुर्गात बारा बायकांचा बचतगट आहे. कोकम आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, चटण्या. टेबलाच्या दुसऱ्या बाजूने काय दिसतं ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी तालुक्याला एक शिबिर झालं होतं. शिकवायला एक मुलगी आली होती, तुमच्याच वयाची, कुठल्याशा संघटनेची स्वयंसेवक. आम्ही आमची नवी वस्तू मोठ्या हौसेने पुढे ठेवली: कच्चा सोललेला लसूण, वर मिरचीची भरड, सगळं तेलात बुडवलेलं. मुंबईच्या प्रदर्शनात दिडशे बाटल्या न्यायच्या होत्या. तिने बाटली हातात घेतली आणि विचारलं, "ताई, ही किती दिवस बाहेर ठेवता?" आम्ही म्हटलं सहा महिने, तेल आहे ना वर, काही होत नाही.

तिने सगळ्यांना खाली बसवलं. म्हणाली, तेल आहे म्हणूनच भीती आहे. लसूण मातीत वाढतो, मातीतल्या एका जिवाणूची बीजं त्याच्याबरोबर येतात. हवा नसेल आणि आंबटपणा नसेल तर ती बीजं जागी होतात आणि विष तयार करतात. वास बदलत नाही, चव बदलत नाही, बुरशी दिसत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हे नाव तिने फळ्यावर लिहून दाखवलं. आमच्यातल्या एकीने ते वहीत उतरवून घेतलं, म्हणून आज लिहू शकते.

त्या दीडशे बाटल्या आम्ही नेल्या नाहीत. नुकसान झालं, बायका रडल्या. पुढचे दोन रविवार ती पुन्हा आली, स्वतःच्या खर्चाने, एसटीने. लसूण आधी सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवायचा, मग तो वाटून त्या वाटणाचा पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आंबट) मोजायचा, तेलाचा नाही. ४.६ च्या खाली म्हणजे आमच्यासाठी ४.२ च्या आतच, आणि तरीही बाटली फ्रीजमध्ये. शेवटी आम्हीच ठरवलं की हे आपल्याला झेपणारं नाही. आता सुकवलेल्या लसणाची कोरडी चटणी करतो. ती उत्तम चालते.

त्या मुलीला तिच्या नोकरीत याचा काय फायदा झाला मला माहीत नाही. पण तुमचे साहेब पगारात दिसेल म्हणतात ना, त्यांना एवढं सांगा की आमच्या गावात कोणीतरी जिवंत असेल ते त्या रविवारांमुळे असेल.

---

रानमेवा

आगळताई, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती गप्प बसून राहिली, मग म्हणाली, "जा तू."

पण एक खरं सांगते, तुमच्याकडे आलेल्या त्या मुलीच्या जागी मी असते तर मला हे त्या क्षणी आठवलं असतं का? आमच्याकडे पल्प मुळातच आंबट, आंब्याचाही पीएच आम्ही ४ च्या आसपास ठेवतो. बोट्युलिनमचा विचार रोज करावा लागत नाही.

---

शिकागोकर

रानमेवा, म्हणूनच जायचं. रोज ज्याचा विचार करावा लागत नाही ते कारखान्यात विसरायला होतं.

मी माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेचा (आताची आयसीटी), नंतर एम.एस.साठी अमेरिकेत. इथली इन्स्टिट्यूट ऑफ फूड टेक्नॉलॉजिस्ट्स १९३९ ची, मुख्यालय शिकागोत. दरवर्षी जुलैत मोठं अधिवेशन आणि प्रदर्शन भरतं. इथे स्वयंसेवकाला जे काम मिळतं त्यात मला सर्वात उपयोगी पडलं ते सारांश तपासणं. अधिवेशनासाठी शेकडो निबंधांचे सारांश येतात, ते विषयवार विभागांमधले सभासद फुकट वाचतात आणि गुण देतात. मी पहिल्या वर्षी वीस वाचले. दुसऱ्याच्या प्रयोगात कंट्रोल (तुलनेसाठी बदल न केलेला नमुना) नाही हे दिसायला लागलं आणि मग स्वतःच्या कामात कंट्रोल नाही हेही दिसायला लागलं.

नोकरीचं म्हणाल तर माझी दुसरी नोकरी अशाच ओळखीतून लागली. शिफारस नव्हती ती. आमच्या विभागाच्या अध्यक्षबाईंनी दोन वर्षं पाहिलं होतं की मी ठरल्या तारखेला काम देतो. त्यांच्या कंपनीत जागा निघाली तेव्हा त्यांनी स्वतः विचारलं. मुलाखतीत तासाभरात जे कळत नाही ते त्यांना आधीच माहीत होतं. परदेशातून आलेल्या माणसाला, ज्याचं कॉलेज इथे कोणी ऐकलेलं नाही, त्याला याची किंमत फार आहे.

तुमच्याकडच्या संघटनेत तुम्हाला बोलायला काय आहे असं विचारलंत. आंब्याच्या हंगामात दिवसाला किती टन फळ उतरतं, त्यातलं किती कच्चं निघतं, फळ पिकवायच्या एथिलीनच्या खोलीत काय चुकतं, हे तुम्हाला माहीत आहे. प्राध्यापकांना ते माहीत नसतं. तेच बोला.

---

पांढराकोट

मी एका खाजगी प्रयोगशाळेत आहे. एक वेगळं काम सुचवतो, कारण ते रविवारी घरी बसून होतं.

एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचे नियम करणारं केंद्राचं प्राधिकरण) नवा नियम आणण्याआधी सहसा मसुदा प्रसिद्ध करते आणि हरकती-सूचना मागवते. मुदत ठरलेली असते. एकटादुकटा क्यूएवाला सहसा लिहीत नाही, कंपनी लिहिते ती आपल्या सोयीचं. संघटनेला मात्र सभासदांकडून मतं गोळा करून एक पत्र पाठवता येतं. आमच्या शाखेत हे करायला कोणी नव्हतं, मी घेतलं.

२०२० ला लेबलिंगचे नवे नियम आले. २०११ च्या नियमांत पॅकेजिंग आणि लेबलिंग एकत्र होतं, ते वेगळं झालं. मला दोन्ही मजकूर कलमवार शेजारी ठेवून वाचावे लागले. राजपत्राची भाषा सुरुवातीला डोक्यावरून गेली. 'शॅल' (केलंच पाहिजे) आणि 'मे' (करता येईल) मधला फरक किती मोठा, व्याख्यांचं कलम आधी का वाचायचं, हे तिथे शिकलो. आज आमच्या लॅबमध्ये लेबलचा प्रश्न आला की फाइल माझ्या टेबलावर येते, आणि गेल्या बढतीत तेच कारण लिहून आलं. तेव्हा साहेबांनाही दाखवता येईल.

आणखी एक. संघटनेचं काम घेण्याआधी कंपनीला लेखी कळवा. तिथे प्रतिस्पर्धी कंपन्यांचे लोक भेटणार. पुरवठादाराचे भाव, फॉर्म्युला, ग्राहकाचं नाव, ऑडिटमध्ये काय निघालं, यातलं एक अक्षर बोलायचं नाही. सभेत उदाहरण द्यायचं तर पुस्तकातलं द्या. एकदा सवय लागली की जड जात नाही.

---

दूधपोळी

वरचं सगळं वाचलं. माझं थोडं निराळं आहे.

जुळ्या मुली झाल्या तेव्हा डेअरीतली नोकरी सोडली. साडेपाच वर्षं घरी. परत जायचं ठरवलं तेव्हा तीन ठिकाणी मुलाखतीत एकच प्रश्न: "मधल्या काळात काय केलंत?" चौथ्या ठिकाणी जाण्याआधी मी शाखेत गेले आणि सांगितलं की काहीही द्या. त्यांनी अन्न हाताळणाऱ्यांच्या प्रशिक्षणात मदतनीस म्हणून घेतलं. एफएसएसएआयचं फॉसटॅक तुम्हाला माहीत असेलच, दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक लागतो तो कार्यक्रम. मी नाश्त्याच्या गाड्यांवरच्या आणि छोट्या उपाहारगृहांतल्या लोकांना मराठीतून समजावून द्यायचे. ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा, वरणभात सकाळी करून दुपारपर्यंत तसाच ठेवला की काय होतं, पुसायचं फडकं एकच का नसावं.

माझं शिक्षण एम.टेक. आणि मी फडक्याबद्दल बोलत होते. पहिल्या दिवशी मनाला लागलं. पण एका वडेवाल्या काकांनी विचारलं, "बाई, उकडलेला बटाटा रात्रभर ठेवला तर सकाळी तळल्यावर सगळं मरत नाही का?" आणि मला बॅसिलस सीरियस हा जिवाणू, उष्णतेला न जुमानणारं त्याचं विष, हे सगळं त्यांच्या भाषेत सांगावं लागलं. एम.टेक.च्या तोंडी परीक्षेपेक्षा ते अवघड होतं.

चौथ्या मुलाखतीत त्या प्रश्नाला उत्तर होतं. आज मी प्रशिक्षण विभागात आहे.

---

चुलीवरची

दूधपोळी, किती छान लिहिलंस. मला पुन्हा जावंसं वाटायला लागलंय.

---

क्यूसी_काका

मी माणसं निवडतो म्हणून दोन ओळी. बायोडेटात नुसतं 'अमुक संघटनेचे आजीव सभासद' लिहिलेलं असतं, त्याने मला काही कळत नाही. पैसे भरले एवढंच कळतं. 'चाळीस विद्यार्थ्यांची स्पर्धा घेतली, विषय असा, परीक्षक असे मिळवले' लिहिलं तर मी त्यावरच पंधरा मिनिटं विचारतो. आणि हंगामात जमणार नाही हे सरांना आत्ताच सांगा. मे महिन्यात तुम्ही कबूल करून आला नाहीत तर दोन्हीकडे नाव खराब होईल.

---

रानमेवा

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा काढून आज साडेतीन महिने झाले, राहिलेलं सांगते.

सरांना ईमेल केला, चुलीवरचीताईंचे चारही मुद्दे घालून. मला वाटलं होतं त्यांना राग येईल. त्यांनी दुसऱ्या दिवशी मुद्देसूद उत्तर दिलं आणि शेवटी लिहिलं की हे पत्र आता आम्ही प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला देणार. एप्रिल ते जून मी बैठकीला नसेन, हे त्यात लिहून घेतलं. अन्नसुरक्षा दिनाची तयारी मार्चमध्येच करून द्यायची आणि त्या दिवशी दुसऱ्या कोणी उभं राहायचं असं ठरलं. कंपनीलाही लेखी कळवलं. साहेबांनी सही केली, काही बोलले नाहीत.

पहिली बैठक फार जड गेली. दीड तासात मी एकदाच बोलले. दुसऱ्या बैठकीत विद्यार्थ्यांसाठी काय करायचं असा विषय निघाला. सगळे म्हणत होते पोस्टर स्पर्धा. मी आगळताईंची लसणाची गोष्ट सांगितली, तुमचं नाव-गाव न घेता. मग म्हटलं की शेवटच्या वर्षाची मुलं एका रविवारी बचतगटांना बोलावून त्यांच्या बाटल्या समोर ठेवून पीएच आणि ब्रिक्स मोजून देतील. मुलांना खरं काम मिळेल, गटांना आकडा मिळेल. ज्यांचा आकडा धोक्याचा निघेल त्यांच्याशी बोलायला जाणती माणसं हजर असतील, मुलांवर ते सोडायचं नाही. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "पाण्याची सक्रियताही (जिवाणू-बुरशीला वापरता येईल असं पाणी किती) मोजूया, पापड-चटण्यांना तीच लागते, मी माझं उपकरण आणतो." तिथून पुढे तासभर चर्चा चालली आणि मला गप्प बसावंसं वाटलं नाही.

दिवस ठरलाय, फेब्रुवारीतला दुसरा रविवार. चौदा गटांनी नावं दिली आहेत. मुलांबरोबर रंगीत तालीम केली तेव्हा लक्षात आलं की निम्म्यांनी कॉलेजात पीएच मीटर बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) लावून बघितलेलाच नाही, आधी कोणीतरी लावून ठेवलेला असायचा. म्हणून आदल्या शनिवारी नुसता तोच सराव ठेवलाय.

आता मागणं. आमच्याकडे ब्रिक्स मोजायचे हातातले रिफ्रॅक्टोमीटर तीनच आहेत, त्यातला एक ३२ ब्रिक्सपर्यंतचाच, तो मुरंब्याला चालणार नाही. ५८ ते ९० चा कोणाकडे असेल तर दोन दिवसांसाठी हवा. ४ आणि ७ चे ताजे बफरही हवेत.

---

ब्रिक्स_६८

५८-९० चे दोन आहेत, दोन्ही आणतो. मी स्वतःच येतो. मुरंब्याच्या टेबलावर बसवा.

---

पांढराकोट

बफर माझ्याकडून. न उघडलेले देतो, तारीख बघून घ्या. लेबलसाठी वेगळं टेबल लावणार असाल तर अर्धा दिवस मीही आहे.

---

चुलीवरची

तेलाचं टेबल आहे का? नसेल तर मी लावते. पत्रिकेत नाव मात्र नीट छापायचं.

---

रानमेवा

ताई, तुमचं नाव वर छापते, 'तेल व तळण' या टेबलापुढे, एकटं.

---

आगळ

आम्ही दोघीजणी रातराणीने येतो. आगळाच्या चार बाटल्या आणि एक नवी वस्तू आहे, बाटलीतली सोलकढी. नारळाच्या दुधाची आहे, त्यामुळे विकायला काढलेली नाही. आधी तुम्ही मोजा.